पुढचा ब्रेक

सुप्याच्या चौकातून एमआयडीसीकडे वळलं की डाव्या हाताला माझं दुचाकींचं गॅरेज आहे. एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत गाडी लावताना गिऱ्हाईक हमखास बोलतं ते वाक्य मला आता ऐकायचीही गरज नाही, ओठ हलले की कळतं. ऑइल बघा नाही, चेन ताणा नाही. "मिस्तरी, पुढचा ब्रेक ढिला करून ठेवा."

आपल्याकडे पुढच्या ब्रेकची भीती बाळकडूसारखी पाजलेली असते. पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो. प्रत्येक घरात कुणीतरी पडलेलं असतंच, मामा नाहीतर चुलता, आणि त्याचे गेलेले दोन दात सगळ्या खानदानाला गाडी शिकवतात. बाप पोराला सांगतो, भाऊ बहिणीला सांगतो, की उजव्या हातातली ती दांडी नुसती शोभेला आहे, पायाचा ब्रेक तेवढा आपला. तरीही चुकून हात जाईल म्हणून मग तो ढिलाच करून घेतात. जुन्या ड्रमच्या गाड्यांना ते दोन मिनिटांचं काम. पुढच्या चाकापाशी वायरचा नट असतो, तो चार फेरे सोडला की दांडी मुठीला टेकेपर्यंत दाबा, चाकाला पत्ता लागत नाही. हा अडाणीपणा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडी थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढचं चाक करतं. पण मी तापट माणूस. एकदा तोंड सुटलं की गिऱ्हाईक तुटतं, म्हणून मी तोंड मिटून पाना फिरवायची सवय लावून घेतली होती. लोक म्हणायचे, वैजनाथ मिस्तरी आता निवळला.

यंदा मार्चच्या सुरुवातीला पुष्पावती वहिनी गॅरेजवर आल्या. गोरक्षनाथ, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याची ही बायको. गोरख आजारानं लवकर गेला. वहिनींनी जिराईत रानावर आणि दोन म्हशींवर दोन लेकरं वाढवली, हनुमंत आणि सुकन्या. त्यातला हनुमंत दोन वर्षांपूर्वी गेला. सव्वीस वर्षांचा होता. सकाळची पाळी गाठायला निघाला होता, गळक्या टँकरनं रस्ता ओला करून ठेवलेला, पुढचा कांद्याचा टेम्पो एकदम थांबला. गाडी आडवी झाली आणि हनुमंत टेम्पोखाली गेला.

मी तिथं पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. रस्त्यावर मागच्या चाकाचा काळा पट्टा उमटला होता. पावलांनी मोजला, बावीस पावलं. पुढच्या चाकाची खूण कुठंच नव्हती. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती, कारण त्या गाडीचा पुढचा ब्रेक मीच ढिला केला होता. हनुमंतानं गाडी घेतली त्या दिवशी वहिनींनी माझ्याच दारात तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "भावजी, पुढचं ब्रेक ढिलं करा बरं. ह्याच्या मामाचं काय झालं, बघितलंय ना." मी हसत हसत पाना लावला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात होता माझ्या.

हे मी कुणाला बोललो नाही. वहिनींना सांगायचं म्हणजे पोर गमावलेल्या आईला तुमच्याच शब्दानं ते गेलं असं सांगायचं. माझी मी समजूत घालून घेतली होती, की हनुमंताला पुढच्या ब्रेकची सवयच नव्हती. ताठ असता तरी त्यानं दाबला नसताच. मग ढिला होता काय आणि नव्हता काय. या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

तर वहिनी आल्या, माठातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुकन्याला कंपनीत काम लागलंय. एक तारखेपासून जायचं हाय."

"लई चांगलं झालं की."

"ती म्हनती, दादाची गाडी नेते."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"मी न्हाईच म्हनले हुते," वहिनी म्हणाल्या. "पन आपल्या वाडीवर कंपनीची बस येत न्हाई. सांजच्याला कोनाच्या टेम्पोत बसून यायची ती? मग मी म्हनलं, ने. पन नव्या गाड्यांना ते न घसरनारं ब्रेक असतंय, ते आधी बसवून घ्यायचं. टीव्हीवर दाखवत्यात बघा."

"एबीएस. वहिनी, ते कंपनीतूनच येतं. जुन्या गाडीला वरनं डकवायला ते काय आरसा हाय का?"

"तुमाला येत न्हाई का?"

ही बाई मला बरोबर ओळखून आहे. येत नाही का म्हटलं की माझं डोकं सणकतं. "येत न्हाई कसं?" मी म्हणालो. झालं. अडकलो.

गाडी त्यांच्या गोठ्यात गोणपाटाखाली उभी होती. पोलीस ठाण्यातून सोडवून मीच ती तिथं आणून लावली होती आणि पुन्हा तिकडे फिरकलो नव्हतो. गोणपाट काढलं. टाकी चेपलेली, हँडल वाकडं. पुढच्या चाकापाशी तो नट मी सोडला होता तिथंच होता, गंज चढलेला. सुकन्या शेजारी उभी होती. मी पाठ आडवी घातली, म्हणजे तिला चाक दिसू नये. तिला काय कळणार होतं त्यातलं, पण घातली.

नगरला एका भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलची पुढच्या सालातली गाडी मिळाली. मागून ठोकलेली, पुढचा भाग धड. तिचे शॉकप, चाक, डिस्क, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि एबीएसचा तो ॲल्युमिनियमचा डबा असं सगळं उतरवून आणलं. चाकाबरोबर एक दातेरी चकती फिरते, तिच्यासमोर बोटाएवढा सेन्सर असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकायला लागलं की सेन्सर डब्याला कळवतो, आणि डबा एका सेकंदात कितीतरी वेळा ब्रेक सोडतो, धरतो, सोडतो, धरतो. चाक फिरतं राहतं आणि गाडी सरळ राहते. असा बदल केला की कागदांचा प्रश्न येतो, त्यात चार फेऱ्या झाल्या. डब्याला पुरेशी वीज मिळेना म्हणून बॅटरी बदलली. नळ्यांतली हवा निघेना, दोन दिवस त्यात गेले. घासलेल्या वायरनं पिवळा दिवा विझेना, तेव्हा मी सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा शिव्या त्या डब्याला घातल्या. पण झालं. आठवडाभर मीच ती गाडी चालवली, मातीत, कचेत, ओल्यात, आणि मगच माझा विश्वास बसला.

एक गोष्ट मात्र मला काम करताना रोज टोचत होती. हे सगळं फक्त पुढच्या चाकाला होतं. मागचा ब्रेक जुनाच, ड्रमचा. म्हणजे पुढची दांडी दाबली तरच डबा जागा होणार. नाही दाबली तर तो गाडीवर लादलेलं ओझं. वहिनी एक दिवसाआड माझ्यासाठी जेवणाचा डबा घेऊन यायच्या, स्टुलावर बसून काम बघायच्या आणि विचारायच्या, "झालं का हो आपोआप थांबनारं?" मी प्रत्येक वेळी ठरवायचो, आज सांगायचं. वहिनी, हे आपोआप काही करत नाही, आणि पुढचा ब्रेक दाबायचा नाही ही आपली शिकवण चूक आहे. पण तिथपर्यंत गेलो की पुढं हनुमंत उभा राहायचा. मग मी म्हणायचो, "होतंय, होतंय." भित्रेपणा होता तो. दुसरं नाव नाही त्याला.

सुकन्याला मी एकदा जाता जाता सांगितलं, "आता पुढचा दाबायचा बरं का." ती म्हणाली, "व्हय काका." माझ्या मनानं तेवढ्यावर हात झटकले.

मार्च संपायच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही एमआयडीसीतल्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर गेलो. तिकडचे प्लॉट अजून रिकामे आहेत, रविवारी चिटपाखरू नसतं. मी तीन कॅन पाणी ओतून पंधरा-वीस पावलांचा पट्टा ओला केला, वर मूठमूठ कच टाकली. वहिनी कडेच्या दगडावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर. आधी मी करून दाखवलं. ओल्यात शिरलो आणि दोन्ही ब्रेक दाबले. दांडी बोटांखाली थरथरली आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. वहिनींनी हात जोडले. गाडीला की मला, कळलं नाही.

"दांडी थरथरती तवा भ्यायचं न्हाई आन् सोडायची न्हाई," मी सुकन्याला बजावलं. "ते बिघडलेलं न्हाई, काम करतंय."

तिनं हेल्मेटचा बंद लावला आणि निघाली. पोर चालवते छान, हनुमंतानंच शिकवली होती. ओल्या पट्ट्यात आली, ब्रेक लावला. मागचं चाक अडकलं, गाडीची शेपटी डावीकडे सरकली, पाय टेकत टेकत कशीबशी थांबली. मागं काळा पट्टा. पुढं काही नाही.

"पुढचा, पुढचा!" मी ओरडलो.

"दाबला की, काका."

"कुठं दाबला? परत."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी जवळ उभा राहून तिचा उजवा हात बघितला. चारही बोटं मुठीला घट्ट आवळलेली, दांडीकडे एकही गेलं नाही. खोटं नव्हती बोलत ती. तिला वाटत होतं आपण दाबतोय. माझा पारा चढला आणि मी नको ते बोललो, "बहिरी हाय का तू? कंपनीत काय शिकवायचं तुला!" ती वळली आणि चौथ्यांदा आली, या वेळी रागात, जास्त वेगात. मागचं चाक निघालं. गाडी उजव्या अंगावर आडवी पडली आणि सुकन्या तिच्याबरोबर घसरत माझ्या पायांपर्यंत आली.

गुडघा सोलला होता, तळहात खरचटला होता, बाकी काही नाही. वहिनी पिशवी टाकून धावत आल्या. लेकीला उठवलं, चाचपलं आणि माझ्यावर उलटल्या.

"ह्येच का तुमचं न घसरनारं ब्रेक? महिना घातला त्याच्यात! पडली की पोरगी!"

"वहिनी, त्यानं काही केलं न्हाई कारन तिनं त्याला हातच लावला न्हाई."

"काका," सुकन्या म्हणाली. ती रडत नव्हती. "हात जात न्हाई वो. मी मनाशी म्हनते, दाबायचा, दाबायचा. आन् ऐन टायमाला दादा आठवतो. त्यो म्हनायचा, पुढच्याला हात लावलास तर बघ. आईची शपथ घातली हुती त्यानं."

आता तोंड मिटून पाना फिरवायची सोय नव्हती. चार दिवसांनी ही पोर या गाडीवर महामार्गाला लागणार होती. ट्रक, टेम्पो, टँकर. मी गाडी उचलून स्टँडवर लावली आणि वहिनींकडे न बघता बोललो.

"दादाला चुकीचं शिकवलं हुतं, सुकन्या. आपन समद्यांनी. आन् वहिनी, तुमाला एक सांगायचं राहिलंय. हनुमंताच्या गाडीचा पुढचा ब्रेक मी ढिला केलता. त्या दिवशी त्यो ब्रेकच नव्हता त्याच्याकडं. दोन वर्षं मी ह्ये पोटात ठेवलं. मला तुमी काय बी म्हना."

वहिनी सुकन्याच्या ओढणीनं तिच्या तळहाताची कच पुसत राहिल्या.

"मला म्हाईत हाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय म्हाईत हाय?"

"कागद आला हुता ना, गाडी तपासल्याचा. वाडीतल्या भिमाजी पाटलांनी वाचून दाखवला. पुढील ब्रेक निकामी. मी इचारलं, निकामी म्हंजी? तर म्हनले, दाबला तरी लागत नव्हता." त्यांनी ओढणी सोडली. "तुमी ढिलं केलं, पन सांगितलं कोनी? मीच ना. मला वाटलं तुमी इसरला. म्हनलं इसरला असाल तर बरंच हाय. दोघांनी कशाला जळायचं?"

सुकन्या आईकडे बघत होती. "आई, तू सांगितलं हुतंस?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या मामासारखं हुईल म्हनून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हनूनच ह्ये मशीन बसवायला सांगितलं, भावजी. म्हनलं आपोआप करील समदं. मला पोरीपुढं बोलायला लागनार न्हाई."

मला वाटलं संपलं. पण त्या पुन्हा बोलल्या, आणि त्या वेळी त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एक सांगा. तुमाला गाडीतलं कळतंय. कागदात लिव्हलंय, दाबला तरी लागत नव्हता. म्हंजी त्यानं दाबला असंल का वो शेवटी?"

एवढी दोन वर्षं ज्या वाक्यावर मी काढली ते वाक्य तिथं, त्या ओल्या सिमेंटवर, गेलं. दाबला असेल. समोर टेम्पो आल्यावर माणूस सगळं दाबतो, शपथा विसरतो. त्यानं दांडी मुठीपर्यंत ओढली असेल आणि हाताला काही लागलं नसेल. हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. ही बाई रोज म्हशी पिळताना स्वतःला तेच विचारत होती.

"मला न्हाई सांगता येत, वहिनी," मी म्हणालो. खरंच येत नव्हतं. मी रस्त्यावर उकिडवा बसलो आणि रडलो, दोन बायकांपुढं, पन्नाशीचा माणूस. कुणी मला उठ म्हणालं नाही.

मी डोळे पुसून वर बघितलं तर सुकन्या गाडीवर बसली होती. सोललेला गुडघा, हाताला रक्त. आईकडे बघतही नव्हती. रागावली होती का, की काय, मला कळेना. गाडी चालू केली. तेवढ्यात वहिनींनी पदर कमरेला खोचला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या सीटवर बसल्या, एका बाजूला पाय सोडून.

"वहिनी, न्हाई. ती एकदा पडलीय. तुमच्या डोक्याला हेल्मेट न्हाई."

"तुमचं द्या."

माझं मळकं, तेलकट हेल्मेट मी त्यांच्या पदरावरून चढवलं. बंद त्यांनीच लावला. "सावकाश," मी सुकन्याला म्हणालो. तिनं मान हलवली.

त्या दोघी रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या. मी ओल्याच्या कडेला उभा. गाडी जवळ येत होती, फार वेगात नाही, पण मला ती फार वेगात वाटली. ओल्याच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर वहिनींचा आवाज आला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, गोरख गेला तेव्हाही नाही आणि पोर गेलं तेव्हाही नाही.

"दाब! पुढचा दाब! हनुमंता, पुढचा दाब रे!"

सुकन्याची चारही बोटं दांडीवर गेली. पुढचं चाक ओल्यात शिरलं, शॉकप दबले, आणि तो ठेचकाळल्यासारखा बारीक आवाज आला, टकटकटकटक, डबा काम करत असल्याचा. गाडी कचेवरून सरळ आली, जराही न हलता, आणि माझ्यापासून हातभरावर थांबली.

मी हँडल धरलं. इंजिन बंद केलं. वहिनी काय ओरडल्या ते आम्ही तिघांनी ऐकलं होतं आणि ते दुरुस्त करायला कुणी गेलं नाही.

सुकन्या हात सोडेना. गाडी थांबली होती, माझी पकड होती, तरी तिनं दांडी मुठीसकट आवळून धरली होती, बोटं पांढरी पडली होती. "सोड बाळा," मी म्हणालो. "सुटंना काका," ती म्हणाली आणि तेव्हा ती रडायला लागली. वहिनी खाली उतरल्या, पुढं आल्या, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. मग त्यांनी लेकीचं एकेक बोट धरून दांडीवरून सोडवलं. चारही सोडवून झाली, हात दोन्ही हातांत घेऊन चोळला, आणि परत त्याच दांडीवर ठेवला.

"आता पुन्हा," त्या म्हणाल्या. "मी न्हाई बसनार मागं. तुझी तू दाबायची."